‘कोणतेही व्यंग नाही’

राही केरू शिवगण हिला स्वतःचं नाव सांगायची भीती वाटायची. ‘र’ तोंडाशी आला की जीभ टाळूला चिकटायची, मान ताठ व्हायची, डोळे आपोआप मिटायचे. समोरचा माणूस मग एकतर हसायचा, नाहीतर तिच्या वतीनं स्वतःच बोलून टाकायचा. हसणाऱ्यांची तिला सवय झाली होती. मदत करणाऱ्यांपुढे मात्र तिचा जीव अर्धा व्हायचा.

राजापूर तालुक्यातल्या एका आतल्या गावात ती वाढली. बाप मुंबईला गिरणीत, आई गावी भातशेती बघायची. शाळेत हजेरी घेताना ‘हजर’ म्हणायचं तर ‘ह’ बाहेर यायचा नाही. गुरुजी थोडं थांबायचे आणि पुढचं नाव घ्यायचे. चौथीत असताना पहिल्या बाकावर बसून ती जवळजवळ महिनाभर गैरहजर होती.

लिहिण्याचं तसं नव्हतं. बारा वर्षांची असल्यापासून वाडीतल्या बायका मुंबईच्या नवऱ्याला पत्र लिहायचं झालं की तिलाच हाक मारायच्या. बाई चुलीपुढे बसून सांगायची, मध्येच रडायची, मध्येच शिव्या द्यायची, आणि राही मान खाली घालून त्यातलं लिहिण्याजोगं तेवढं लिहायची. पत्र वाचून दाखवायची वेळ आली की ती कागद दुसऱ्या मुलीच्या हातात द्यायची.

गिरण्यांचा संप झाला तेव्हा बाप घरी आला आणि वर्षभर पडवीत बसून राहिला. राही त्याच साली दहावी पास झाली. तिच्या आईची थोरली बहीण सोनूबाई रत्नागिरीला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची. मांडवीत एक खोली भाड्यानं घेऊन एकटीच राहायची. ती गावी आली, राहीचं अक्षर बघितलं आणि केरूला म्हणाली, “हिला मी नेतंय. टायपिंग शिकंल, खुर्चीत बसायचं काम मिळंल. हितं र्‍हायली तर भाताची काढणीच करंल जन्मभर.”

केरू म्हणाला, “बोलता येत नाय तिला. खुर्चीवर कोन बसवनार?”

“खुर्चीवर बसायला तोंड लागत नाय,” सोनूबाई म्हणाली.

अशी राही रत्नागिरीला आली आणि आप्पा मुळ्ये यांच्या टायपिंग क्लासात जायला लागली.

आप्पा कोर्टातून निवृत्त झालेले कारकून. चौतीस वर्षं त्यांनी दावे आणि कैफियती लिहिल्या होत्या. क्लासात सात मशिनं होती, आणि भिंतीवर पुठ्ठ्याला चिकटवलेला एक ‘नमुना अर्ज’ टांगलेला होता. क्लासातून बाहेर पडणारी प्रत्येक मुलगी, प्रत्येक मुलगा नोकरीसाठी तोच अर्ज उतरून काढायचा. ‘उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज करते की’ इथून सुरुवात, ‘आपल्या कृपेची अभिलाषी’ इथे शेवट, आणि मध्ये, खालून तिसरी ओळ: ‘माझी प्रकृती निरोगी असून मजमध्ये कोणतेही व्यंग नाही.’

राहीनं पहिला अर्ज केला तेव्हा ही ओळही जशीच्या तशी उतरवली. ती खोटी आहे असं तेव्हा तिच्या मनातही आलं नाही. पुठ्ठ्यावर होती म्हणून लिहिली.

सन चौऱ्याऐंशीमध्ये तिला एका सरकारी कचेरीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. टेबलामागे तिघं साहेब बसले होते. मधल्यानं नाव विचारलं. राहीचे डोळे मिटले, मान ताठ झाली. किती वेळ गेला ते तिला कधीच सांगता आलं नाही. डोळे उघडले तेव्हा साहेबाच्या हातात तिचा अर्ज होता.

“व्यंग नाही, असं लिहिलंय तुम्ही,” तो म्हणाला. “तुमच्याच सहीनं. मग हे काय?”

राहीनं अर्जाखालच्या आपल्या सहीकडे बघितलं.

“सरकारी अर्जात खोटी माहिती दिली तर गुन्हा होतो. ठाऊक आहे ना? आत जावं लागेल.”

शेजारचा साहेब हसला. बहुधा ती थट्टाच होती. पण राहीला थट्टेचा सूर कळण्याइतकं भान नव्हतं. ती उठली, दाराला धडकली आणि बाहेर पडून थेट मांडवीपर्यंत पायी आली.

त्या दिवसापासून तिला खाकी कपड्याची धास्ती बसली. चौकीवरून जाणारा रस्ता तिनं सोडला. आळीत पोलीस दिसला की ती कुणाच्याही अंगणात शिरायची. पोस्टमनही खाकीतच यायचा. त्याच्या सायकलची घंटा वाजली की ती दारामागे जायची. दोन महिन्यांनी त्यानं तिच्या नावाचं एक लांबट पाकीट आणून दिलं. वर सरकारी शिक्का होता. सोनूबाई कामावर गेली होती. राहीनं पाकीट उघडलं नाही. संध्याकाळी ते एका जांभ्याच्या तुकड्याला सुतळीनं बांधलं, मांडवीच्या धक्क्यावर टोकापर्यंत चालत गेली आणि पाण्यात सोडून दिलं.

त्यात काय होतं ते आजवर कुणाला कळलेलं नाही. समन्स असावं असं तिला वाटलं. दुसऱ्या एखाद्या नोकरीचं बोलावणंही असू शकेल, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा बराच उशीर झाला होता.

पुढे दीड वर्ष तिनं एकही अर्ज केला नाही. सोनूबाईला मात्र सांगायची की केलेत, उत्तर येत नाही. टायपिंगच्या दोन्ही परीक्षा ती पास झाली. आप्पा तिला क्लासातच लोकांचे अर्ज टाइप करायला द्यायचे. लोक आप्पांशी बोलायचे, ती टाइप करायची. तिथे तिला सुरक्षित वाटायचं.

शहाऐंशीच्या जानेवारीत आप्पांनी पेपरातली एक जाहिरात कापून तिच्या मशिनवर ठेवली. एमआयडीसीत आंब्याचा रस डबाबंद करणारा एक कारखाना होता. त्यांना ‘पत्रव्यवहार सांभाळण्यासाठी लेखनिक’ हवा होता. मराठी शुद्ध, अक्षर सुवाच्य. अर्ज स्वहस्ताक्षरात करावेत. शेवटी बारीक टाइपात: ‘टेलिफोनवर बोलण्याची सवय असल्यास प्राधान्य.’

“ही जागा तुझ्यासाठीच काढलीय बघ,” आप्पा म्हणाले. “शेवटची ओळ सोडून दे. पुठ्ठ्यावरचा अर्ज लिही आणि टाक उद्या पोस्टात.”

आप्पा उत्तराची वाट बघत उभे राहिले, म्हणून राहीनं मान हलवली. संध्याकाळी घरी आली तर बापाचं पत्र येऊन पडलेलं. संप मोडल्यावर केरू पुन्हा मुंबईला जाऊन एका गोदामावर वॉचमन झाला होता. त्यानं लिहवून घेतलं होतं: ‘शिमग्याला येतो तेव्हा तुला गावी नेतो. पाचलच्या बाजूला एक स्थळ आहे. माणूस बिजवर आहे, पण बोलण्याचं त्याला चालतं.’

बोलण्याचं त्याला चालतं. ही ओळ राहीनं दोनदा वाचली. तिला त्या न पाहिलेल्या माणसाची भीती वाटली नाही. पाचलच्या त्या घरात पन्नास वर्षं गप्प बसलेली राही तिला दिसली, तिची वाटली.

दुसऱ्या दिवशी क्लासात ती कोरा कागद घेऊन बसली. नाव, पत्ता, शिक्षण, परीक्षा लिहून झाल्या. खालून तिसऱ्या ओळीशी आल्यावर हात थांबला. ‘कोणतेही व्यंग’ एवढं लिहून झालं आणि त्या साहेबाचा आवाज कानात आला. तिनं कागद फाडला. दुसरा घेतला. ती ओळ गाळून लिहायला गेली, तर गाळलेली जागाच तिला दिसायला लागली. वाचणाराही विचारील, ही ओळ का नाही? तिसरा कागद घेतला आणि एका दमात लिहिलं की मला बोलता येत नाही, शाळेत असं झालं, मुलाखतीत तसं झालं, मी गरीब आहे, माझ्यावर दया करावी. दोन्ही बाजू भरल्या.

आप्पा मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी कागद उचलला, चष्मा वर सरकवला.

“हे काय? अर्ज म्हणजे कबुलीजबाब नव्हे, राही. विचारल्याशिवाय सांगू नये. कोर्टात जन्म गेला माझा.”

“ख... ख...” राहीनं मान झटकली आणि पेन्सिलीनं मशिनच्या कडेला ठेवलेल्या चिठ्ठीवर लिहिलं: ‘खोटं लिहिलं तर पकडतात.’

आप्पांनी ते वाचलं. मग प्रथमच तिला विचारलं की त्या कचेरीत नक्की काय झालं. तिनं चिठ्ठीवर लिहून सांगितलं. आप्पा वाचत गेले तसतसा त्यांचा चेहरा उतरला. ते जाऊन आपल्या खुर्चीत बसले, भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडे बघत राहिले.

“ती ओळ माझी आहे,” थोड्या वेळानं ते म्हणाले. “वीस वर्षांपूर्वी कुठल्यातरी सरकारी फॉर्मवरून घेतली. कुणाला नडेल असं वाटलं नाही.” मग तिचा कागद पुन्हा हातात घेऊन त्यांनी लाल पेन्सिल काढली. “बरं. खरं लिहायचं तर खरं लिही. पण हे दयेचं काढ. शाळेचं काढ. गरिबीचं काढ. त्यांना तुझं दुःख नकोय, त्यांना पत्रं लिहायला माणूस हवंय. त्या कारखान्यात कसली पत्रं येत असतील, ठाऊक आहे तुला?”

राहीनं नाही म्हणून मान हलवली.

“मग आधी ते शोध. ज्याच्याकडे अर्ज करायचा त्याची अडचण ठाऊक नाही, तर अर्जात लिहिणार काय? हवापाणी?”

ही अडचण तिला घरातच सापडली. रात्री जेवताना तिनं अडखळत अडखळत कारखान्याचं नाव घेतलं, तशी सोनूबाईच्या हातातला घास थांबला.

“त्यांचं नाव काडू नकोस. गेल्या साली वसतिगृहात त्यांचं आंब्याचं डबं घेतलान रेक्टरबाईंनी. चार डबं फुगलं. फोडलं तर फसफसून आला सगला रस. बाईंनी पत्र लिवलानी, तर उत्तर काय आलं म्हाईत हाय? वाचून दाकवलानी आमाला. सगल्या जनी गप.”

दोन दिवसांनी सोनूबाईनं वसतिगृहाच्या रेक्टरबाईंकडून ते उत्तर मागून आणलं. कशासाठी ते सांगितलं नाही. टाइप केलेल्या चार ओळी होत्या: ‘आपली तक्रार पावली. आमच्या मालात दोष असणे शक्य नाही. आपण डबे योग्य प्रकारे ठेवले नसावेत. कळावे.’

राहीनं ते पुन्हा पुन्हा वाचलं. गावातल्या बायकांच्या नवऱ्यांकडून अशी उत्तरं यायची. अशा उत्तरानंतर बाई दुसरं पत्र लिहवायची नाही, कायमचीच गप्प व्हायची.

चार दिवस लागले. शेवटी जो अर्ज झाला तो पाऊण पानाचा होता. त्यात तिनं लिहिलं की मी दहावी आणि टायपिंगच्या दोन परीक्षा उत्तीर्ण आहे. बारा वर्षांची असल्यापासून लोकांची पत्रं लिहीत आले आहे, तेव्हा रागावलेल्या माणसाचं म्हणणं ऐकून कागदावर नीट मांडायची मला सवय आहे. बोलताना मी अडखळते, अनोळखी माणसापुढे फारच. टेलिफोनवर मला बोलता येणार नाही. पत्रव्यवहार मात्र मी एकही दिवस मागे ठेवणार नाही. सोबत एक नमुना जोडला आहे.

नमुना म्हणजे दोन कागद. एकावर कारखान्याच्या त्या उत्तराची नक्कल, आणि दुसऱ्यावर तिनं तेच उत्तर पुन्हा लिहिलेलं: ‘आपले पत्र मिळाले. फुगलेल्या डब्यातील रस आंबलेला असतो, तो कृपया कोणीही खाऊ नये. मुलींपैकी कोणी खाल्ला असल्यास त्यांची प्रकृती कशी आहे ते कळवावे. डब्याच्या झाकणावरील क्रमांक कळवल्यास त्याच दिवशी भरलेले इतर डबे आम्ही तपासू. आपले चारही डबे बदलून देत आहोत.’

आप्पांनी वाचलं आणि चष्मा काढला. “अगो, त्यांचीच चूक त्यांना दाखवतेस?”

राहीलाही तीच भीती होती. कारखान्याचे लोक वसतिगृहात विचारायला गेले तर मावशीचं काय? आप्पांनी कागद परत दिले. “ह्यातलं काही खोटं नाही,” ते पुटपुटले. “पण टाकायचं की नाही ते तूच ठरव बाई. मी नाही सांगणार.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोस्टाच्या लाल पेटीपुढे उभी राहिली. तीन माणसं येऊन पत्रं टाकून गेली. चौथा यायच्या आत तिनं पाकीट फटीत सारलं आणि ते आत पडल्याचा आवाज झाला. त्याच क्षणी तिला सगळं स्पष्ट दिसलं. रेक्टरबाईंच्या खोलीत उभी असलेली मावशी, कारखान्याचे साहेब, नोकरीवरून काढल्याचा कागद. तिनं फटीत बोटं घातली. पाकीट लागलं नाही.

ती तिथेच उभी राहिली, ऊन चढेपर्यंत. अकराच्या सुमाराला पोस्टमन सायकलवरून आला, खाकीत, किल्ल्यांचा जुडगा घेऊन. तरी राही पुढे झाली. त्यानं पेटी उघडली, पत्रं पिशवीत ओतली. तिचं पाकीट तिला दिसलं, वरच होतं. तिनं बोट दाखवलं.

“मा... मा... मा...”

“काय झालं गो पोरी?”

“मा... माझं... प... प...”

तिचे डोळे मिटले. पोस्टमन भला माणूस होता. त्यानं थोडा वेळ वाट बघितली आणि मग तिच्या वतीनं बोलून टाकलं. “पत्र लवकर जाईल ना, असंच ना? जाईल जाईल. गावातलंच असेल तर उद्याच पोचेल.” राहीनं डोळे उघडले तेव्हा सायकल कोपऱ्यावर वळत होती.

पुढचे नऊ दिवस कुठूनच काही कळलं नाही. दहाव्या दिवशी सोनूबाई दुपारीच घरी आली, ती अशी, की दाराची कडी लावून आधी पाणी प्यायली आणि मगच बोलली.

“कारखान्याचा मानूस आला होता वसतिगृहात. मॅनेजर म्हनं. बाईंनी मला आत बोलावलान. आमचं पत्र भायर कोनी दिलं, म्हनून इचारलान त्यानं.” ती राहीच्या समोर बसली. “तू काय लिवलंस गो?”

राहीनं कोनाड्यातली अर्जाची नक्कल काढून दिली. सोनूबाईला अक्षरओळख बेताची. ती बोट ठेवून एकेक शब्द लावत गेली. फार वेळ लागला. तेवढ्या वेळात राहीच्या तोंडून, न विचारता, बाकीचंही बाहेर पडायला लागलं. कचेरीतला साहेब. आत टाकीन म्हणाला ते. दगडाला बांधलेलं पाकीट. दीड वर्ष न केलेले अर्ज. तुकड्यातुकड्यानं, श्वास अडकत, पण सगळं.

“समुद्रात टाकलंस?” सोनूबाईनं विचारलं.

राहीनं मान हलवली.

सोनूबाईनं नक्कल घडी करून कोनाड्यात ठेवली. ती रागावली असती तर राहीला सोपं गेलं असतं. पण तिचाही चेहरा पांढरा पडला होता. पंधरा वर्षांची नोकरी, ही खोली, सगळं त्या वसतिगृहावर होतं. “बाईंना मी सांगितलं, मीच दिलं म्हनून,” ती शेवटी म्हणाली. “त्यांनी मला काय बोललानी नाय. मॅनेजरला चा पाजलानी आनि वाटंला लावलानी. आता होईल ता होईल.”

दुसऱ्याच दिवशी पाकीट आलं. सोमवारी साडेदहाला मुलाखतीस हजर राहावे. राहीनं ते हातात धरलं आणि धक्क्याच्या दिशेला बघितलं. सोनूबाईनं तिच्या हातातून पाकीट काढून घेतलं आणि पोलक्यात खोचलं. “ह्या येळेला मी संगती येतंय.”

सोमवारी दोघी एसटीनं एमआयडीसीत उतरल्या. आंबा यायला अजून अवकाश होता, त्यामुळे कारखाना बंदच होता. मोठ्या शेडमध्ये रिकाम्या डब्यांच्या थप्प्या छतापर्यंत लागलेल्या. सोनूबाईला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि राहीला आत नेलं.

आत दोन माणसं होती. एक मॅनेजर, आणि दुसऱ्या, टेबलामागे मधोमध, दमयंतीबाई. नवरा गेल्यापासून कारखाना त्याच चालवत. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, चष्मा साखळीला अडकवलेल्या. टेबलावर काळा टेलिफोन होता. राहीनं आत आल्याबरोबर आधी तोच बघितला.

मॅनेजरनं अर्ज वर धरला. “हे कुणी लिहून दिलं तुम्हाला?”

“मी... मी...”

“ह्या वयाच्या मुलीचं लिहिणं नाही हे. मुळ्यांच्या क्लासातून दरसाल अर्ज येतात आमच्याकडे, सगळे एका साच्याचे असतात. खरं सांगा. वसतिगृहातल्या बाईंनीच लिहिलं ना? आमच्यावर राग काढायला?”

राहीचे डोळे मिटले. त्या अंधारात तिला दोन वर्षांपूर्वीची खोली दिसत होती, तेच टेबल, तोच अर्ज धरलेला हात. आता हाही तेच म्हणणार, असं तिला वाटत होतं. खोटी माहिती. गुन्हा.

“तिला बोलायला लावू नका,” दमयंतीबाई म्हणाल्या. “अर्जात लिहिलंय तिनं तसं.” त्यांनी खणातून एक पत्र काढलं आणि राहीपुढे सरकवलं. “हे कोल्हापूरच्या व्यापाऱ्याचं. महिनाभर उत्तर दिलेलं नाही आम्ही. इथे बसून उत्तर लिही. आम्ही बाहेर थांबतो.”

दार लागलं. राही एकटी राहिली. पत्र वाचलं. दोनशे डबे पाठवतो म्हणून एकशे ऐंशीच पाठवले, वर पहिल्या तक्रारीला व्यापाऱ्यालाच मोजता येत नाही असं कुणीतरी कळवलं होतं. माणूस भयंकर भडकला होता. राहीनं पेन उघडलं. हात इतका कापत होता की पहिल्याच अक्षरावर शाईचा डाग पडला. दुसरा कागद घेतला. ‘स. न. वि. वि.’ लिहिलं आणि टेलिफोन वाजला.

तिनं दाराकडे बघितलं. कुणी आलं नाही. टेलिफोन वाजत राहिला. त्या बंद खोलीत तो आवाज तिच्या हाडांत शिरत होता. उचलला नाही तर नोकरी गेली. उचलला तर बोलणार काय? आठव्या की नवव्या घंटेला तिनं रिसीव्हर उचलून कानाला लावला.

“हॅलो? हॅलो, कोण बोलतंय?”

तिचे ओठ हलले. आवाज निघाला नाही.

“हॅलो? अहो, आवाज येतोय का? हॅलो!” मग पलीकडचा माणूस काहीतरी पुटपुटला आणि फोन बंद झाला.

राहीनं रिसीव्हर जागेवर ठेवला. मांडीवर हात ठेवून ती थोडा वेळ तशीच बसली. मग लिहायला लागली, कारण दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं. गंमत अशी की आता हात कापत नव्हता. जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

दमयंतीबाई आत आल्या. “टेलिफोन वाजला ना? कुणाचा होता?”

राहीनं कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं: ‘मी उचलला. बोलता आले नाही. कोण होते ते कळले नाही.’

बाईंनी ते वाचलं. मग व्यापाऱ्याला लिहिलेलं उत्तर वाचलं. त्यात राहीनं आधी मोजण्याबद्दलच्या त्या वाक्याची माफी मागितली होती आणि डब्यांचं नंतर लिहिलं होतं. मॅनेजरनंही वाचलं. “फोनचं काय पण?” तो म्हणाला. “हंगामात दिवसाला पन्नास फोन येतात.”

“फोन तुम्ही घ्या,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला बोलायला आवडतं.” राहीकडे वळून त्या म्हणाल्या, “तीन महिने तात्पुरती ठेवते. नीट झालं तर पुढे बघू. आणि ते वसतिगृहाला पाठवलेलं उत्तर यांनी लिहिलं नव्हतं, मी लिहिलं होतं.”

राहीनं चमकून त्यांच्याकडे बघितलं. बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी तिच्या हातून पेन घेतलं आणि कोल्हापूरच्या पत्राखाली सही केली.

शिमग्याला केरू आला तेव्हा राही कामावर होती. तो एमआयडीसीच्या फाटकापर्यंत गेला, आत डोकावला आणि कुणाला काही न विचारता परत फिरला. पाचलच्या स्थळाचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. रेक्टरबाईंनी सोनूबाईला कधी एका शब्दानं विचारलं नाही. आप्पांनी पुठ्ठ्यावरची ती ओळ खोडली, पण दुसरं काय लिहावं हे न सुचल्यामुळे तिथे काळा पट्टाच राहिला.

राहीची भीती गेली, असं मात्र झालं नाही. तीन महिने ती रोज सकाळी एसटीत कालची पत्रं मनातल्या मनात पुन्हा वाचायची. एक शब्द चुकला तरी काढून टाकतील, असं तिला वाटायचं. मे महिन्यात, ऐन हंगामात, सगळीकडे सालींचा आणि उकळत्या रसाचा वास सुटलेला असताना, कोल्हापूरचा तो व्यापारी स्वतः कारखान्यात आला. मला पत्र लिहिणारा माणूस भेटवा, म्हणाला. राहीला निरोप मिळाला आणि ती मागच्या दारानं शेडमध्ये पळाली, डब्यांच्या थप्पीमागे जाऊन बसली. अर्धा तास ती बाहेर आली नाही. शेवटी दमयंतीबाई स्वतः येऊन थप्पीपाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “तो निघालाय. पण तुझ्याबरोबर चहा घेतल्याशिवाय जात नाही म्हणतो.”

राही पदर सारखा करून बाहेर आली. व्यापारी चांगला लठ्ठ, मोठ्या आवाजाचा माणूस निघाला. त्यानं तिला खुर्ची दिली आणि बोलायला लागला, ते पावसाबद्दल, गुळाच्या भावाबद्दल, थोरल्या मुलीच्या लग्नाबद्दल. चहा संपेपर्यंत तो थांबला नाही. राहीला दोनदाच बोलावं लागलं. एकदा तिनं ‘हो’ म्हटलं, आणि एकदा, त्यानं पुढच्या मालाची तारीख विचारली तेव्हा, थांबत थांबत, डोळे उघडे ठेवून, ती तारीख सांगितली.